एस्मा स्मृतिसंग्रहालय, ब्युनॉस आयर्स : भेट देण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्जेंटिनाच्या राजधानीत जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या यादीत टँगो, फुटबॉल आणि इग्वासूचा धबधबा असतोच. आता त्यात एस्माचेही नाव दिसू लागले आहे. हे ठिकाण इतर संग्रहालयांसारखे नाही. तिथे मांडून ठेवलेल्या वस्तू जवळजवळ नाहीत आणि पूर्वमाहितीशिवाय गेलेल्या माणसाला रिकाम्या खोल्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. म्हणून येथे काही उत्तरे जरा विस्ताराने दिली आहेत.

एस्मा म्हणजे नेमके काय?

अर्जेंटिनाच्या नौदलाच्या यांत्रिकी प्रशिक्षणशाळेच्या स्पॅनिश नावाचे ‘एस्मा’ हे लघुरूप आहे. शहराच्या उत्तरेकडील नुन्येस या सुखवस्तू भागात, लिबेर्तादोर या हमरस्त्याला लागून सुमारे १७ हेक्टर जागेवर हा परिसर पसरला आहे. १९२४ मध्ये नगरपालिकेने ही जमीन शिक्षणसंस्थेसाठी नौदलाला दिली. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि १० डिसेंबर १९८३ पर्यंत देशावर लष्करी हुकूमशाही होती. या काळात याच आवारातील अधिकाऱ्यांच्या निवासी इमारतीत गुप्त छळछावणी चालवली गेली. सुमारे ५,००० माणसे येथे आणली गेल्याचा अंदाज आहे आणि त्यांतली बहुतेक पुन्हा कधीच कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. कामगार संघटनांचे कार्यकर्ते, विद्यार्थी, पत्रकार, डाव्या पक्षांचे आणि सशस्त्र गटांचे सदस्य, धर्मसेवक, तसेच बेपत्ता मुलांना शोधणाऱ्या आयाही त्यांत होत्या.

शहराच्या ऐन वस्तीत असलेली छावणी ‘गुप्त’ कशी?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. गुप्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जंगलातला किंवा वाळवंटातला तळ येतो. एस्माच्या फाटकासमोरून मात्र रोज बसगाड्या जात, आत शेकडो प्रशिक्षणार्थींचे वर्ग भरत आणि ज्या इमारतीच्या तळघरात छळ होई त्याच इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर अधिकारी झोपत. कैद्यांना वर-खाली नेण्याचा जिना आणि अधिकाऱ्यांच्या वापराचा जिना एकच होता. इमारत कधीच लपलेली नव्हती. लपवलेली होती ती कैद्यांची नोंद. अटकेचा हुकूम नव्हता, आरोपपत्र नव्हते, तुरुंगाची वही नव्हती. माणसाला रस्त्यातून किंवा घरातून उचलले जाई, नातेवाईक न्यायालयात देहोपस्थितीचा (हेबियस कॉर्पस, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करावे असा) अर्ज करीत आणि शासनाकडून उत्तर येई की या नावाची व्यक्ती आमच्या ताब्यात नाही. आत आणल्यावर कैद्याचे नाव जाऊन क्रमांक येई. हे क्रमांक १ पासून ९९९ पर्यंत जात आणि पुन्हा १ पासून सुरू होत.

या गुप्ततेला भेगाही होत्या. तत्कालीन प्रमुखाचे कुटुंब याच इमारतीतील घरात राहत असे. त्याच्या मुलीकडे खेळायला आलेल्या तिच्या शाळकरी मैत्रिणीने खिडकीतून डोक्यावर टोपरे घातलेली, साखळदंड बांधलेली एक बाई मोटारीतून उतरवली जाताना पाहिली. पुढे लोकशाही परतल्यावर त्या मैत्रिणीने त्याबद्दल साक्ष दिली. १९७८ ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धाही याच काळातली. अंतिम सामना झालेले रिव्हर प्लेट क्लबचे मैदान येथून चालत जाण्याइतके जवळ आहे. २५ जून १९७८ रोजी अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ असे हरवले, तेव्हाचा जल्लोष माळ्यावर पडलेल्या कैद्यांनी ऐकल्याचे सुटून आलेल्यांनी सांगितले आहे.

इमारतीला ‘कासिनो’ का म्हणतात? तिथे जुगार चालत असे का?

नाही. ‘कासिनो दे ओफिसियालेस’ म्हणजे आपल्या लष्करी भाषेत ‘ऑफिसर्स मेस’, अर्थात अधिकाऱ्यांच्या राहण्या-जेवण्याची जागा.

आत काय पाहायला मिळते?

प्रवेशद्वाराशीच काचेच्या उंच तावदानांवर बेपत्ता व्यक्तींचे चेहरे दिसतात. आत गेल्यावर सुरुवातीला एका दालनात भिंतींवर प्रक्षेपित होणारा माहितीपट आहे. तो टाळू नये, कारण देशाचा त्या काळचा इतिहास ठाऊक नसेल तर पुढचे फार थोडे उमगते. तळमजल्यावरील ‘एल दोरादो’ या सभागृहात अपहरणांच्या मोहिमा आखल्या जात. ज्या तुकडीने त्या पार पाडल्या तिचे अधिकृत नाव होते कृती-गट ३.३.२, आणि ती नौदलप्रमुख एमिलिओ मासेरा याच्या हाताखाली होती.

तिसऱ्या मजल्यावर, उतरत्या छपराखालच्या माळ्याला कैदी आणि पहारेकरी दोघेही ‘कापुचा’ म्हणत. या शब्दाचा अर्थ टोपरे. डोळे झाकलेल्या, पायांत बेड्या घातलेल्या माणसांना येथे लाकडी भुश्याच्या फळ्यांनी पाडलेल्या अरुंद कप्प्यांत पातळ गाद्यांवर रात्रंदिवस आडवे ठेवले जाई. छपराच्या लोखंडी तुळया आज डोक्याला लागतील इतक्या खाली येतात; तिथे वाकून चालावे लागते. त्याच मजल्यावर ‘पान्योल’ हे कोठार होते. पळवलेल्या माणसांच्या घरांतून लुटलेले कपडे, फर्निचर, फ्रिज, पुस्तके तिथे रचून ठेवली जात. पलीकडे ‘पेसेरा’, म्हणजे माशांची काचपेटी: पारदर्शक भिंतींच्या छोट्या कचेऱ्या. लेखन, भाषांतर, वृत्तपत्रीय कात्रणे यांत वाकबगार असलेल्या काही कैद्यांना येथे बसवून मासेराच्या राजकीय महत्त्वाकांक्षेसाठी राबवले जाई. आणखी वर, पाण्याच्या टाकीशेजारी, ‘कापुचिता’ नावाची लहान जागा आहे.

भेटीच्या अखेरच्या टप्प्यात तळघर लागते. छळाच्या खोल्या तिथे होत्या. ओळखपत्रांसाठी छायाचित्रे काढण्याची आणि बनावट कागदपत्रे तयार करण्याची जागाही तिथेच. या खोल्यांकडे नेणाऱ्या मार्गिकेला पहारेकऱ्यांनी ‘सुखाचा राजरस्ता’ असे नाव दिले होते. कैद्यांना ठार मारण्यासाठी नेले जाई ते याच तळघरातून, आणि त्यासाठी ‘बदली’ हा साधा कारकुनी शब्द वापरला जाई. एस्माच्या भाषेत असे शब्द जागोजाग सापडतात. ते ऐकताना मार्गदर्शक थांबला की आपणही थांबावे. घाईने पुढच्या खोलीत जाण्यासारखे तिथे काही नसते.

खोल्या इतक्या रिकाम्या का? पुतळे, साखळदंड, छळाची साधने का नाहीत?

कारण ही इमारत संग्रहालय होण्याआधीपासून न्यायालयीन पुरावा आहे. भिंतींना खिळा ठोकण्यास, रंग देण्यास, काही नव्याने बांधण्यास मनाई आहे. म्हणून माहितीचे फलक भिंतींपासून दूर, जमिनीवर उभे केले आहेत, ध्वनी आणि प्रकाशचित्रांचा वापर केला आहे आणि चालण्यासाठी मूळ फरशीवर वेगळा मार्ग टाकला आहे. उद्या हे सारे काढून नेले तरी इमारत होती तशी राहील, अशी ही योजना आहे. संवर्धकांना भिंतींवर कैद्यांनी कोरलेली नावे, आद्याक्षरे आणि खुणाही सापडल्या. सरसकट रंगसफेदी झाली असती तर त्या कायमच्या गेल्या असत्या.

इमारतीचा प्रत्येक व्रण किती बोलका आहे याचे उत्तम उदाहरण म्हणजे नसलेली लिफ्ट. सप्टेंबर १९७९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाचे शिष्टमंडळ तपासणीसाठी अर्जेंटिनात येणार होते. बाहेर पोहोचलेल्या साक्षींत लिफ्टचा आणि तळघरात उतरणाऱ्या जिन्याचा उल्लेख होता. नौदलाने ती लिफ्ट काढून टाकली, तो जिना बुजवला आणि साक्षीदार खोटे बोलतात असे म्हणण्याची सोय करून ठेवली. उरलेल्या कैद्यांना तिग्रेच्या त्रिभुज प्रदेशातील एका बेटावर हलवण्यात आले. पूर्वी चर्चच्या मालकीच्या असलेल्या त्या बेटाचे नाव ‘एल सिलेन्सिओ’, म्हणजे शांतता. लिफ्ट जिथे होती त्या ठिकाणच्या खुणा आज दाखवल्या जातात. पुरावा मिटवण्यासाठी केलेली तोडफोड हाच पुढे पुरावा ठरला. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण इमारतीत सर्वाधिक वेळ द्यावा अशी जागा हीच आहे, आणि बहुतेक पर्यटक तिच्यासमोरून अर्ध्या मिनिटात पुढे जातात.

आवारात उभे असलेले विमान कसले आहे?

ते स्कायव्हॅन जातीचे, पीए-५१ क्रमांकाचे विमान आहे आणि १९७० च्या दशकात ते तटरक्षक दलाकडे होते. ‘बदली’ झालेल्या कैद्यांना गुंगीचे इंजेक्शन देऊन विमानात चढवले जाई आणि ला प्लाता नदीच्या मुखावर किंवा समुद्रावर जिवंत फेकून दिले जाई. १९९५ मध्ये आदोल्फो सिलिंगो या माजी नौदल अधिकाऱ्याने याची जाहीर कबुली दिली. २००५ मध्ये स्पेनच्या न्यायालयाने त्याला ६४० वर्षांची शिक्षा ठोठावली.

या विमानाशी निगडित घटना डिसेंबर १९७७ ची आहे. बेपत्ता मुलांच्या आया सान्ता क्रूस चर्चमध्ये जमत. त्यांच्यात आल्फ्रेदो आस्तिस हा तरुण नौदल अधिकारी बेपत्ता माणसाचा भाऊ असल्याचे सोंग करून, खोट्या नावाने मिसळला होता. त्याच्या माहितीवरून १२ जणांचे अपहरण झाले. ‘प्लासा दे मायोच्या माता’ या चळवळीच्या संस्थापकांपैकी आसुसेना व्हिलाफ्लोर, एस्तेर बालेस्त्रिनो आणि मारिया पोन्से, तसेच आलीस दोमों आणि लेओनी द्युके या फ्रेंच जोगिणी त्यांत होत्या. १४ डिसेंबरच्या रात्री या विमानाने शहरातील विमानतळावरून उड्डाण केले आणि ते तीन तासांहून अधिक काळ हवेत होते. काही दिवसांनी समुद्राने मृतदेह किनाऱ्यावर आणून टाकले. स्थानिक प्रशासनाने ते बेवारस म्हणून पुरले आणि २००५ मध्ये न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांच्या पथकाने तिन्ही माता आणि लेओनी द्युके यांची ओळख पटवली. हाडांवरील इजा उंचावरून पडल्याच्या होत्या. विमान नंतर अमेरिकेत विकले गेले होते. तिथे त्याचा माग लागला, उड्डाणांच्या नोंदी हाती आल्या आणि त्या नोंदी खटल्यात वापरल्या गेल्या. २०२३ मध्ये विमान मायदेशी आणून येथे ठेवण्यात आले.

येथे बाळेही जन्माला आली हे खरे आहे का?

होय. गरोदर स्त्रियांना तिसऱ्या मजल्यावरील एका खोलीत प्रसूतीपर्यंत जिवंत ठेवले जाई. त्यानंतर बाळ आईपासून काढून लष्करी किंवा त्यांच्या मर्जीतल्या कुटुंबांना खोट्या जन्मनोंदीवर दिले जाई आणि आईची ‘बदली’ होई. अशा मुलांचा शोध घेण्यासाठी १९७७ मध्ये आज्यांनी संघटना काढली. देशभरात सुमारे ५०० मुले अशी पळवली गेली असावीत असा तिचा अंदाज आहे. आजी-नातवाचे नाते सिद्ध करणारी रक्तचाचणी विकसित करण्यासाठी या आज्यांनी शास्त्रज्ञांचा पाठपुरावा केला, १९८७ मध्ये राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी स्थापन झाली आणि आजवर १३० हून अधिक नातवंडांची खरी ओळख पटली आहे. त्यांतली काही येथेच जन्मलेली आहेत. आवारात आज्यांच्या संघटनेचे स्वतंत्र दालनही आहे.

सगळे गुप्त होते, तर पुरावे कुठून आले?

मुख्यतः वाचलेल्यांच्या साक्षींतून. डोळ्यांवर पट्टी असली तरी माणसे पायऱ्या मोजत होती, विमानांचे आवाज ऐकत होती, टोपऱ्याच्या फटीतून फरशीचा रंग पाहत होती. एकमेकांना न भेटलेल्या साक्षीदारांची वर्णने जुळली तेव्हा इमारतीचा आराखडा उभा राहिला. व्हिक्टर बास्तेर्रा हा मुद्रणकलेतला कारागीर १९७९ मध्ये पकडला गेला. अधिकाऱ्यांसाठी खोटी ओळखपत्रे बनवण्याच्या कामाला त्याला जुंपण्यात आले. त्यासाठी काढलेल्या छायाचित्रांच्या जास्तीच्या प्रती, तसेच कैद्यांच्या काही निगेटिव्ह, त्याने जपून ठेवल्या आणि घरी जाण्याची मुभा मिळू लागल्यावर थोड्या थोड्या करून बाहेर काढल्या. एस्मात टिपलेले अनेक बेपत्ता व्यक्तींचे अखेरचे चेहरे आपल्याला त्याच्यामुळेच ठाऊक आहेत.

दोषींना शिक्षा झाली का?

झाली, परंतु सरळ वाटेने नव्हे. १९८५ मध्ये लष्करी राजवटीच्या प्रमुखांवर नागरी न्यायालयात खटला चालला आणि मासेराला जन्मठेप झाली. त्यानंतर १९८६ आणि १९८७ च्या कायद्यांनी खालच्या अधिकाऱ्यांवरील खटले थांबवले आणि १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी मासेरासह इतरांना माफी दिली. २००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्दबातल ठरवले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा दिला आणि खटले पुन्हा उभे राहिले. आस्तिस आणि कृती-गटाचा म्होरक्या होर्खे आकोस्ता यांना २०११ मध्ये जन्मठेप झाली. पाच वर्षे चाललेल्या आणि ७८९ पीडितांची प्रकरणे असलेल्या खटल्याचा निकाल २९ नोव्हेंबर २०१७ रोजी लागला. त्यात २९ जणांना जन्मठेप झाली आणि वैमानिकही त्यांत होते.

ही इमारत पाडण्याचा बेत होता का?

होता. १९९८ मध्ये मेनेम यांनी ती पाडून तिथे राष्ट्रीय ऐक्याचे स्मारक उभारण्याचा हुकूम काढला. बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांनी न्यायालयात धाव घेतली. इमारत गेली तर आपल्या माणसांचे काय झाले हे कळण्याचा मार्गही जाईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि न्यायालयाने ते मानले. २४ मार्च २००४ रोजी राष्ट्राध्यक्ष नेस्तोर किर्चनर यांनी याच आवारात राज्यसंस्थेच्या वतीने क्षमा मागितली आणि जागा स्मृतीसाठी देण्याचे जाहीर केले. नौदलाने परिसर पूर्णपणे रिकामा करायला २००७ उजाडले. २०१५ मध्ये संग्रहालय खुले झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. (रियाधच्या त्याच अधिवेशनात शांतिनिकेतन आणि होयसळ मंदिरेही यादीत आली, आपल्या वृत्तपत्रांतून एस्माची बातमी निसटली असेल तर आश्चर्य नाही.)

बेपत्ता व्यक्तींचा आकडा कुठे सुमारे ९,००० तर कुठे ३०,००० असा का दिला जातो?

शासननियुक्त आयोगाने १९८४ च्या अहवालात ८,९६१ प्रकरणांची नावानिशी नोंद केली आणि यादी अपुरी असल्याचेही नमूद केले. ३०,००० हा मानवाधिकार संघटनांचा अंदाज आहे. आकड्यावरून अर्जेंटिनात आजही राजकीय वाद पेटतो. पाहुण्याने तिथे आकड्यावरून हुज्जत घालू नये, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. जिथे नोंदच ठेवली नाही तिथे नेमका आकडा मागायचा तो नोंद न ठेवणाऱ्यांकडे.

अंदमानचे सेल्युलर जेल पाहिले आहे. येथे वेगळे काय आहे?

मराठी वाचकाच्या मनात ही तुलना येणे स्वाभाविक आहे. सेल्युलर जेल हा क्रूर पण अधिकृत तुरुंग होता. कैद्याला शिक्षा सुनावलेली असे, त्याचे नाव वहीत असे आणि घरी क्वचित का होईना पत्र जाई. म्हणूनच तिथे आज नावांच्या पाट्या लावता येतात. एस्मात शिक्षाच नव्हती, त्यामुळे सुटकेची तारीखही नव्हती. आपल्याकडील आणीबाणीचा काळही, जून १९७५ ते मार्च १९७७, याच्याशी काही अंशी समकालीन आहे. येरवडा आणि नाशिक रोड येथे स्थानबद्ध झालेल्यांच्या घरच्यांना आपला माणूस कुठे आहे हे बहुधा माहीत असे. एस्माच्या अधिक जवळ जाणारे त्या काळातील उदाहरण केरळमधील राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे आहे. १९७६ मध्ये त्याला कक्कयम येथील पोलिस छावणीत नेण्यात आले आणि त्याच्या वडिलांना आणीबाणी उठल्यावर देहोपस्थितीच्या अर्जानेच सत्याचा माग काढावा लागला.

तिथे कसे जावे, किती वेळ ठेवावा आणि भाषेचे काय?

रेतिरो स्थानकावरून तिग्रेकडे जाणाऱ्या मित्रे मार्गाच्या लोकलने रिव्हादाव्हिया स्थानकावर उतरून चालत जाता येते. मेट्रोने यायचे असल्यास डी मार्गाचे शेवटचे स्थानक गाठून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी. वेळा आणि वार बदलत असतात. अलीकडच्या वर्षांत निधी आणि कर्मचारी यांच्या कपातीवरून तिथे वादही झाले आहेत. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. केवळ मुख्य इमारतीला दीड-दोन तास लागतात. उरलेल्या आवारासाठी अर्धा दिवस हाताशी असावा. साक्षी मूळ स्पॅनिशमध्ये ऐकू येतात. स्पॅनिश येत नसेल तर मार्गदर्शित फेरी इंग्रजीत केव्हा आहे हे आधी विचारावे. मार्गदर्शकाशिवाय या इमारतीत अर्धेच कळते. अर्जेंटिनाचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. व्हिसाचे नियम बदलतात, तेव्हा तिथूनच चौकशी करणे बरे.

मुलांना न्यावे का?

लहान मुलांना नेऊ नये. बारा वर्षांवरील मुलांना न्यायचे असेल तर आदल्या दिवशी बसून त्यांच्याशी बोलावे. तळघरात उभे राहून पहिल्यांदा समजावण्याचा हा विषय नाही.

छायाचित्रे काढलेली चालतात का? पर्यटक म्हणून जाणे औचित्याला धरून आहे का?

छायाचित्रणाचे त्या दिवशीचे नियम दारातच विचारून घ्यावेत. स्वतःची छायाचित्रे कापुचात आणि तळघरात काढू नयेत, मग नियम काहीही असो. तुमच्या शेजारी उभी असलेली वृद्ध व्यक्ती येथून सुटून आलेली असू शकते किंवा कोणाची तरी बहीण असू शकते. पर्यटकांनी येऊ नये असे मात्र तिथे कोणीच म्हणत नाही. वाचलेल्यांपैकी अनेकांनी अनोळखी माणसांना हे दाखवता यावे म्हणूनच वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत.

याच विषयाशी संबंधित आणखी काय पाहावे?

नदीकाठच्या स्मृति-उद्यानात बेपत्ता आणि मारल्या गेलेल्यांची नावे कोरलेल्या लांबच लांब भिंती आहेत. ज्या पाण्यात माणसे टाकली गेली त्या पाण्याकडे त्या उतरत जातात. हुकूमशाहीच्याच काळात पाडून ज्यावरून महामार्ग नेला, त्या ‘क्लुब आतलेतिको’ छावणीचे तळघर २००२ पासून पुलाखाली उकरून काढले जात आहे. गुरुवारी शहरात असाल तर दुपारी साडेतीनला प्लासा दे मायो चौकात जावे. पांढरे रुमाल डोक्याला बांधलेल्या माता १९७७ पासून तिथे फेरी घालत आल्या आहेत. त्या आता फार थोड्या उरल्या आहेत, आणि ज्यांना चालवत नाही त्या व्हीलचेअरवरून येतात.